ज्ञानकोशातील एक पान

वाईट बातमी वाऱ्यासारखी पसरते, असा सर्वांचाच अनुभव आहे. घाटात मोटार दरीत कोसळली असे सांगत कोणी गावात आला, की पारावर बसलेली माणसे त्याच्याभोवती गोळा होतात. किती माणसे दगावली, कोणकोण होती, चूक कोणाची, असे प्रश्न एकामागून एक विचारले जातात. आणि सांगणाऱ्यास जे ठाऊक नसते, तेही तो ऐकणाऱ्यांच्या आग्रहामुळे सांगून टाकतो. सकाळी पाच माणसे गेली असे म्हणणारा गाव दिवेलागणीला पंधरा माणसे गेली असे म्हणू लागतो. ह्यात कोणाचा खोटे बोलण्याचा हेतू असतो असे नाही. पराचा कावळा होतो, तो बहुधा नकळतच होतो.

पारावरचे बोलणे चार दिवसांनी विसरले जाते. लिहिलेल्या शब्दाचे तसे नाही. तो टिकतो, आणि पुढे येणारा वाचक त्यावर विश्वास ठेवतो. म्हणून अपघातासारख्या प्रसंगाविषयी जो लिहितो, त्याच्यावर मोठी जबाबदारी असते. ज्ञानकोशात लिहिणाऱ्यावर तर ती अधिकच असते. कारण ज्ञानकोश उघडणारा वाचक खरे काय ते जाणण्यासाठीच तो उघडतो.

मराठी वाचकांना ज्ञानकोश हा ग्रंथप्रकार नवा नाही. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर ह्यांच्या ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे २३ खंड विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रसिद्ध झाले. पुढे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी ह्यांच्या संपादकत्वाखाली वाई येथे मराठी विश्वकोशाचे कार्य सुरू झाले, व त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये वाचकांच्या हाती आला. अशा छापील ग्रंथात एखादी चूक राहून गेली, तर ती दुरुस्त करण्यास पुढील आवृत्तीची वाट पाहावी लागते.

१५ जानेवारी २००१ रोजी निराळ्याच प्रकारच्या एका ज्ञानकोशाचा आरंभ झाला. त्याचे नाव विकिपीडिया. हा ज्ञानकोश कागदावर छापलेला नाही. तो संगणकावर अथवा भ्रमणध्वनीवर वाचावयाचा असतो. आज तो तीनशेहून अधिक भाषांत आहे. त्याची मराठी आवृत्ती १ मे २००३ रोजी, म्हणजे महाराष्ट्र दिनी सुरू झाली. ‘विकी’ हा शब्द प्रशांत महासागरातील हवाई बेटांच्या भाषेतला असून त्याचा अर्थ ‘जलद’ असा आहे. त्या बेटांवरील होनोलुलूच्या विमानतळावर उतारूंची ने-आण करणाऱ्या गाड्यांना ‘विकी विकी’ असे नाव होते, व त्यावरूनच हा शब्द संगणकाच्या जगात आला.

ह्या ज्ञानकोशाचे वैशिष्ट्य असे, की त्यात कोणालाही लिहिता येते. पानाच्या माथ्यावर ‘संपादन’ असा शब्द असतो. तो दाबला की पानावरील मजकूर बदलण्यासाठी खुला होतो. बदल करून तो प्रसिद्ध केला, की त्याच क्षणी साऱ्या जगातील वाचकांना नवा मजकूर दिसू लागतो. शिक्षक, विद्यार्थी, शेतकरी, निवृत्त कारकून, कोणीही ह्या ज्ञानकोशाचा संपादक होऊ शकतो. त्याबद्दल त्याला वेतन मिळत नाही.

ज्या ग्रंथात कोणीही लिहावे, तो पारावरच्या गप्पांसारखा होणार नाही काय? त्यावर विश्वास कसा ठेवावा? ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर एका दुःखद घटनेच्या आधारे नीट समजून घेता येईल.

कॅनडा देशात सास्काचेवान नावाचा एक विस्तीर्ण प्रांत आहे. तेथे मैलोगणती गव्हाची शेते आणि त्यांतून जाणारे सरळ रस्ते दिसतात. ह्या प्रांतात हम्बोल्ट नावाचे सुमारे सहा हजार वस्तीचे गाव आहे. थंड प्रदेश असल्यामुळे बर्फावर खेळावयाची हॉकी हा तेथील लोकांचा अत्यंत आवडता खेळ होय. हम्बोल्टच्या तरुण खेळाडूंचा संघ ६ एप्रिल २०१८ रोजी संध्याकाळच्या सामन्यासाठी निपाविन ह्या गावी बसने निघाला होता. खेळाडू सोळा ते एकवीस वर्षे वयाचे होते. त्यांच्याबरोबर मार्गदर्शक होते, व्यायाम व उपचार पाहणारी एक तरुणी होती, आकाशवाणीवर सामन्याचे वर्णन करणारा निवेदक होता. चालकासह बसमध्ये एकूण २९ माणसे होती.

संध्याकाळी पाचच्या सुमारास ही बस आर्मली ह्या ठिकाणाजवळील एका चौरस्त्यावर आली. त्याच वेळी आडव्या रस्त्याने माल भरलेला एक लांबलचक ट्रक आला. त्याच्या रस्त्यावर ‘थांबा’ अशी पाटी होती, आणि तिच्यावर लाल दिवा लुकलुकत होता. ट्रक थांबला नाही. बस त्यावर आदळली, आणि क्षणार्धात होत्याचे नव्हते झाले.

ही बातमी पसरताच जगभरातील वाचक विकिपीडियाकडे वळले असतील, आणि त्याबरोबर संपादकही. अशा वेळी संपादकाने काय लिहावे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, काय लिहू नये?

पहिला प्रश्न असतो तो संख्येचा. दुसऱ्या दिवशी, ७ एप्रिल रोजी, कॅनडाच्या पोलिसांनी १४ माणसे मृत्यू पावल्याचे जाहीर केले. त्याच दिवशी ही संख्या १५ झाली. ११ एप्रिल रोजी उपचार पाहणारी ती तरुणी रुग्णालयात मरण पावली, आणि संख्या १६ झाली. चौदा, पंधरा, सोळा हे तिन्ही आकडे आपापल्या वेळी अधिकाराने सांगितलेले होते. तेव्हा ज्याने ७ एप्रिलच्या सकाळी ‘१४’ असे लिहिले, त्याने चूक केली असे म्हणता येत नाही. मात्र ‘पोलिसांनी ७ एप्रिल रोजी दिलेल्या माहितीनुसार’ असे शब्द त्याने बरोबर लिहिले पाहिजेत. हे शब्द लहान दिसतात. पण त्यांच्यामुळे वाचकाला कळते, की ही माहिती कोणी दिली, केव्हा दिली, आणि ती अजून बदलू शकते.

संख्या बदलणे हे कामही दिसते तितके सोपे नाही. एकाच लेखात ती अनेक ठिकाणी आलेली असते. लेखाच्या पहिल्या वाक्यात असते, बाजूच्या चौकटीत असते, आणि पुढे सविस्तर वर्णनातही असते. एका ठिकाणी १६ केले आणि दुसऱ्या ठिकाणी १५ तसेच राहिले, तर वाचक गोंधळात पडतो. शिवाय पंधराचे सोळा करताना जखमींच्या चौदाचे तेरा करावे लागतात. कारण बसमधील माणसे २९ च होती. कागदावर ही साधी बेरीज-वजाबाकी आहे. पण ह्या वजाबाकीत एक आकडा एका रकान्यातून काढून दुसऱ्या रकान्यात लिहिला जातो, तेव्हा रुग्णालयातील एका खाटेभोवती बसलेल्या घरच्या माणसांची आशा संपलेली असते. हे ज्याच्या ध्यानात असते, तो संपादक आकडा घाईने बदलत नाही आणि निष्काळजीपणानेही बदलत नाही.

असे समजा, की मृत्यूची वार्ता पोलिसांनी जाहीर करण्यापूर्वीच एखाद्या संपादकास ती रुग्णालयातील ओळखीच्या माणसाकडून समजली आहे. वार्ता खरी आहे अशी त्याची खात्री आहे. त्याने ती लिहावी काय? ज्ञानकोशाचा नियम सांगतो, की लिहू नये. कारण त्याला जे ठाऊक आहे, ते वाचकाला पडताळून पाहता येत नाही. हजारो कोसांवरचा वाचक त्या ओळखीच्या माणसाला विचारावयास कसा जाणार? म्हणून विकिपीडियात विश्वसनीय ठिकाणी प्रसिद्ध झालेली माहितीच घ्यावयाची असते, आणि ती कोठून घेतली हे वाक्याच्या शेवटी दाखवावयाचे असते. ह्या नियमास पडताळणीचा नियम म्हणावयास हरकत नाही. जबाबदार वृत्तपत्र, शासनाचे निवेदन, न्यायालयाचा निकाल ह्यांचा आधार चालतो. ‘असे ऐकले’ हा आधार चालत नाही.

तथापि विश्वसनीय आधारसुद्धा कधी कधी चुकतो. हम्बोल्टच्या घटनेत तसेच घडले. त्या संघातील बहुतेक मुलांनी महत्त्वाच्या सामन्यांसाठी हौसेने आपले केस एकाच सोनेरी रंगात रंगविले होते. बहुतेकांची अंगकाठीही सारखीच होती. अपघातानंतर दोन मुलांची ओळख पटविताना अधिकाऱ्यांकडून अदलाबदल झाली. एका घरी मुलगा गेला म्हणून शोक चालला होता, आणि दुसऱ्या घरची माणसे आपला मुलगा जगला म्हणून रुग्णालयात त्याच्या उशाशी बसली होती. ९ एप्रिल रोजी प्रांताच्या न्याय खात्याने चूक कबूल केली आणि क्षमा मागितली. ज्याला मृत समजले होते, तो जिवंत होता. ज्याला जिवंत समजले होते, तो मृत्यू पावला होता. ह्या दोन घरांवर त्या दिवशी काय प्रसंग ओढवला असेल, त्याची कल्पनाही करवत नाही.

ह्या प्रसंगापासून संपादकाने घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. मृतांची नावे लिहिण्याची घाई करू नये. जी माणसे हयात आहेत आणि जी नुकतीच निवर्तली आहेत, त्यांच्याविषयी लिहिताना विशेष सावधगिरी बाळगावी, असा विकिपीडियाचा नियमच आहे. सर्वसामान्य माणसांची नावे लेखात द्यावीत की देऊ नयेत, ह्याविषयीही संपादक आपसांत विचारविनिमय करतात. वृत्तपत्राला उद्याचा अंक आजच काढावा लागतो. ज्ञानकोशाला तशी निकड नसते. आज न लिहिलेले नाव चार दिवसांनी लिहिता येते. पण जिवंत मुलाचे नाव मृतांच्या यादीत एकदा वाचलेल्या आईच्या मनावरील घाव पुढे पुसता येत नाही.

दुसरा प्रश्न असतो कारणाचा आणि दोषाचा. अपघात झाला की लोक तर्क लढवू लागतात. मावळतीकडचा सूर्य चालकाच्या डोळ्यांवर आला असेल. चौरस्त्याच्या कोपऱ्यावरील झाडांमुळे त्याला बस दिसली नसेल. असे तर्क त्या वेळीही झाले. पुढे न्यायालयासमोर आलेल्या तांत्रिक अहवालात सूर्यप्रकाश अथवा झाडे हे ह्या अपघाताचे कारण मानले गेले नाही. चौरस्त्याची पूर्वसूचना देणाऱ्या पाट्या आणि लाल दिव्याची पाटी ओलांडून ट्रक पुढे गेला होता, हीच गोष्ट त्यात मुख्य ठरली. आरंभीचे तर्क ज्याने सत्य म्हणून लिहिले असतील, त्याला पुढे ते खोडावे लागले असतील. ज्याने ‘चौकशी चालू आहे’ एवढेच लिहिले असेल, त्याला काहीच खोडावे लागले नसेल.

दोषाच्या बाबतीत तर अधिकच संयम पाळावा लागतो. ट्रकच्या चालकावर ६ जुलै २०१८ रोजी आरोप ठेवण्यात आले. त्याने जानेवारी २०१९ मध्ये न्यायालयात सर्व आरोप मान्य केले, आणि २२ मार्च २०१९ रोजी त्याला आठ वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली. म्हणजे अपघातापासून आरोप मान्य होईपर्यंत नऊ महिने गेले. ह्या नऊ महिन्यांत ज्ञानकोशात त्याला ‘अपराधी’ म्हणता येत नव्हते. जुलैपूर्वी ‘चौकशी चालू आहे’, जुलैनंतर ‘आरोप ठेवले आहेत’, आणि त्याने आरोप मान्य केल्यावर ‘दोषी ठरला’, अशी एकेक पायरी चढतच लेखाची भाषा पुढे गेली पाहिजे. लोकांच्या मनात संताप असतो, आणि तो स्वाभाविकही असतो. परंतु ज्ञानकोश हा न्यायाधीश नव्हे. निवाडा करणे हे न्यायालयाचे काम, आणि झालेला निवाडा नेमकेपणाने सांगणे हे ज्ञानकोशाचे.

तिसरा प्रश्न भाषेचा. मराठी वृत्तपत्रांत अपघाताची बातमी वाचताना ‘काळाने झडप घातली’, ‘कोवळ्या जिवांवर क्रूर घाला’, ‘रस्ता रक्ताने माखला’ असे शब्दप्रयोग नेहमी भेटतात. ते वाचताना मन हेलावते. परंतु ज्ञानकोशाला अशी भाषा चालत नाही. तेथे ‘ह्या अपघातात १६ जणांचा मृत्यू झाला व १३ जण जखमी झाले’ एवढेच लिहावयाचे असते. ही भाषा कोरडी वाटेल, निष्ठुरही वाटेल. वास्तविक ती निष्ठुर नाही. सोळा ही संख्याच इतकी बोलकी आहे, की तिला विशेषणांचा आधार लागत नाही. शिवाय रडविणारे शब्द आले, की वाचकाचे लक्ष माहितीवरून उडते, आणि मग आकडा खरा की खोटा हे कोणी पाहत नाही.

ह्याचा अर्थ ज्ञानकोशात दुःखाला आणि मायेला स्थानच नाही, असा नाही. त्या अपघातानंतर कॅनडातील असंख्य घरांसमोर लोकांनी हॉकीची काठी उभी करून ठेवली, आणि रात्रभर दारातला दिवा तेवत ठेवला. त्या मुलांना खेळावयास जाताना काठी लागली, तर ती दाराशीच असावी, अशी त्यामागील भावना होती. पीडितांच्या कुटुंबांसाठी लोकांनी दीड कोटीहून अधिक कॅनेडियन डॉलर जमविले. संघातील एका एकवीस वर्षांच्या खेळाडूने आपले अवयव दान करण्याची इच्छा पूर्वीच घरी बोलून दाखविली होती; त्याच्या मृत्यूनंतर सहा रुग्णांना त्याचा लाभ झाला. ते ऐकून पुढील काही आठवड्यांत सुमारे दीड लाख लोकांनी अवयवदानासाठी नावे नोंदविली, असा अंदाज आहे. कॅनडात आजही ७ एप्रिल हा दिवस अवयवदानाच्या स्मरणार्थ पाळतात आणि त्या दिवशी लोक हिरवा सदरा घालतात. ह्या साऱ्या घडलेल्या गोष्टी आहेत, म्हणून त्या लेखात येऊ शकतात. संपादकाने स्वतः हळहळ व्यक्त करू नये. लोकांनी ती कशी व्यक्त केली, हे जरूर सांगावे.

लेख अपघाताच्या दिवशी संपत नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे. त्याच चौरस्त्यावर १९९७ मध्ये झालेल्या अपघातात एकाच कुटुंबातील सहा माणसे मृत्युमुखी पडली होती. ही जुनी नोंद नव्या लेखात आली, तर वाचकाला चौरस्त्याचा इतिहास समजतो. २०१८ च्या अपघातानंतर चौरस्त्याच्या सुरक्षिततेची पाहणी झाली, आणि झाडे काढावीत, वाहनाला हादरे देऊन चालकास सावध करणारे पट्टे रस्त्यावर करावेत, अशा सूचना पुढे आल्या. झाडे त्या अपघाताचे कारण ठरली नव्हती, तरी पुढील धोका टाळण्यासाठी ती काढावीत असे सुचविण्यात आले. ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. त्यांची सरमिसळ होऊ न देणे हेही संपादकाचेच काम. मार्च २०१९ पासून सास्काचेवानमध्ये मोठा ट्रक चालविण्याचा परवाना घेण्यापूर्वी ठरावीक प्रशिक्षण सक्तीचे झाले. अपघाताचे वर्णन वाचून मन खिन्न होते. परंतु त्यानंतर काय सुधारले हे वाचल्याने पुढचा अपघात टाळण्याची दिशा कळते. अशा लेखाचा खरा उपयोग येथे आहे.

आता आरंभीच्या शंकेकडे वळू. कोणीही लिहावे अशा ह्या ज्ञानकोशात खोडसाळ किंवा अज्ञानी माणसाने चुकीचा मजकूर लिहिला, तर काय होते? प्रत्येक पानाला ‘इतिहास’ नावाचा एक भाग असतो. त्यात कोणता बदल कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या नावाने केला गेला, ह्याची नोंद आपोआप होते. जुना मजकूर नष्ट होत नाही. एखाद्याने १६ चे ६० केले, तर दुसरा संपादक ते पाहतो व पूर्वीचा मजकूर परत आणतो. वारंवार असे होऊ लागले, तर ते पान काही काळ नवख्या संपादकांसाठी बंद ठेवता येते. मतभेद झाले, तर लेखाला जोडलेल्या ‘चर्चा’ ह्या पानावर संपादक आपापली बाजू आधारासह मांडतात. तेथे मोठ्याने बोलणाऱ्याचे चालावे अशी अपेक्षा नसते. ज्याच्यापाशी पुरावा भक्कम, त्याचे चालावे अशी असते. ही व्यवस्था निर्दोष नाही. काही चुका पुष्कळ काळ कोणाच्याच नजरेस पडत नाहीत. म्हणून वाचकानेही दाखविलेला आधार अधूनमधून स्वतः पाहावा.

आपली चूक उघडपणे सुधारणे ही गोष्ट माणसाला जड जाते. विकिपीडियाच्या पानावर मात्र ती सर्वांदेखत करावी लागते, आणि ती केल्याची नोंद कायम राहते. ज्याने चुकीचा आकडा लिहिला, त्यानेच तो खोडून ‘माझी चूक झाली, नव्या निवेदनाप्रमाणे दुरुस्त केले’ असे लिहिले, तर त्यात कमीपणा काही नाही. उलट त्याच्या पुढील लेखनावर इतरांचा विश्वास वाढतो.

विकी ह्या शब्दाचा अर्थ जलद असा आहे. परंतु मृत्यूची नोंद करताना वेग हा गुण ठरत नाही. पारावर बातमी प्रथम सांगणाऱ्यास चार घटका मान मिळतो. ज्ञानकोशात कोणी प्रथम लिहिले हे वाचकाच्या ध्यानातही येत नाही. खरे लिहिले आहे की नाही, एवढेच त्याला हवे असते. कितीतरी वर्षांनी त्या सोळा जणांपैकी कोणाचा तरी धाकटा भाऊ किंवा पुतणी ते पान उघडून वाचील. जे गेले त्यांना लेखातील चूक दाखवावयास येता येत नाही. त्यांच्या वतीने ते पान खरे ठेवणे, हे त्या अनोळखी संपादकांचे काम आहे.

स्वाध्याय

१. छापील ज्ञानकोश आणि विकिपीडिया ह्यांतील फरक पाच-सहा वाक्यांत लिहा.

२. ‘चौदा, पंधरा, सोळा हे तिन्ही आकडे आपापल्या वेळी अधिकाराने सांगितलेले होते.’ ह्या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.

३. ओळखीच्या माणसाने सांगितलेली खरी वार्तासुद्धा ज्ञानकोशात लगेच का लिहू नये?

४. पुढील वाक्ये ज्ञानकोशाला साजेल अशा भाषेत पुन्हा लिहा : (अ) बेफाम चालकाने निष्पाप प्रवाशांचा बळी घेतला. (आ) भरधाव गाडीवर काळाने झडप घातली आणि सारा गाव शोकसागरात बुडाला.

५. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : पराचा कावळा होणे, होत्याचे नव्हते होणे, तर्क लढविणे, प्रसंग ओढवणे.

६. तुमच्या गावात घडलेल्या एखाद्या घटनेविषयी तीन निरनिराळ्या माणसांकडून माहिती घ्या. तिघांच्या सांगण्यात कोठे एकवाक्यता आहे व कोठे फरक आहे, हे वहीत लिहा. आणि जेवढे पडताळता आले, तेवढ्यावरूनच दहा ओळींची नोंद तयार करा.